तांब्यावर फुललेली पाचशे झाडे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखादा तरी लेख इतिहासावर असतो, आणि तो बहुधा पेशवाईवर नाही तर एखाद्या देवस्थानावर असतो. यंदा संपादिकाबाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातले तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकले की लढाया आणि देवळे मला जमायची नाहीत. तीसएक वर्षे मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकविलेल्या बाईने लिहायचे तर पानाफुलांवरच लिहावे, हे बरे. म्हणून आज एका जुन्या पुस्तकाची आणि ते करणाऱ्या बाईची हकिकत सांगते.

पुस्तक लंडनचे आहे, १७३७ ते १७३९ या काळात निघालेले. त्याचे नाव 'अ क्यूरियस हर्बल'. 'क्यूरियस' म्हणजे इथे चमत्कारिक नव्हे. त्या काळी बारकाईने, निगुतीने केलेल्या वस्तूला तो शब्द लावीत. औषधी वनस्पतींचा निगुतीने केलेला संग्रह, असे आपण म्हणू. त्यात पाचशे चित्रे आहेत. ती सर्व एलिझाबेथ ब्लॅकवेल नावाच्या एका गृहिणीने काढली, तिनेच ती तांब्यावर कोरली आणि छापून आल्यावर तिनेच रंगविली.

आपल्यापैकी काहींना हे नाव ओळखीचे वाटेल, म्हणून आधीच घोटाळा दूर करते. अमेरिकेत १८४९ साली वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली स्त्री, तिचेही नाव एलिझाबेथ ब्लॅकवेलच. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्यांच्या आधीच्या पिढीतली ती. माझी ही ब्लॅकवेल तिच्याही शंभर वर्षे आधीची आणि तिचा डॉक्टरकीशी संबंध एवढाच की डॉक्टरांना झाडे ओळखता यावीत म्हणून तिने चित्रे काढली.

अठराव्या शतकात युरोपात अशी सचित्र वनस्पतिग्रंथांची एक लाटच आली होती. आज ते ग्रंथ मोठमोठ्या ग्रंथालयांत काचेच्या कपाटांत असतात, हात लावायचा तर परवानगी लागते. लिलावात निघाले तर त्यांच्या किमती आपल्यासारख्यांनी नुसत्या ऐकायच्या. पण आता त्यांतल्या पुष्कळांची पाने टिपून संगणकावर सर्वांसाठी ठेवलेली आहेत. भाचीने मला ती कशी उघडायची ते दाखविले आणि पावसाळ्यातल्या कित्येक दुपारी मी ही पाचशे पाने एकेक करून पाहिली. डोळ्यांचा चष्मा बदलावा लागला, पण त्याचे काही वाटले नाही.

आता, चित्रे एवढी का लागत? कारण औषध म्हणजेच झाडपाला होता. डॉक्टर कागदावर नाव लिहून देई, औषधविक्या ते मूळ किंवा पान आणून कुटून देई, आणि विक्याला पान आणून देणारी बहुधा एखादी खेड्यातली म्हातारी असे. या साखळीत कुठेही ओळख चुकली की रोग्याच्या जिवाशी खेळ. आपल्याकडे हे नवे नाही. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांचीच गोष्ट घ्या. आवेवर चालतो तो पांढऱ्या कुड्याचा पाळ, पण साल सुकून दुकानात आली की दोहोंतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यात आणखी एक अडचण होती. एकाच झाडाला गावोगाव वेगळी नावे. लिनियसने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे एकच नाव देण्याची शिस्त लावली, पण त्याचा तो ग्रंथ आला १७५३ साली. त्याच्या आधी एका झाडाचे लॅटिन नाव म्हणजे चांगले एक वाक्य असे. तेव्हा चित्रासारखा भरवशाचा साक्षीदार दुसरा नव्हता. शिवाय अमेरिकेतून आणि पूर्वेकडून नवनवी झाडे जहाजांवरून येत होती, ती जुन्या ग्रंथांत कोठून असणार?

एलिझाबेथबाईंच्या संसारावर संकट आले ते नवऱ्याच्या उद्योगामुळे. अलेक्झांडर ब्लॅकवेल हा स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा, एका कॉलेजच्या प्राचार्यांचा मुलगा. ग्रीक-लॅटिन उत्तम येई, डोके तल्लख, पण पाय एका ठिकाणी ठरत नसे. लंडनला येऊन त्याने आधी एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम केले आणि मग स्वतःचाच छापखाना थाटला. आता त्या काळी लंडनमध्ये कोणताही धंदा करायचा तर त्यात आधी ठरावीक वर्षे उमेदवारी केलेली असावी लागे. याने ती केलेली नव्हती. बाकीच्या मुद्रकांनी त्याच्यावर फिर्याद केली, दंड बसला, छापखाना बुडाला, आणि ऋणकऱ्यांनी त्याला कर्जदारांच्या तुरुंगात टाकले. हा तुरुंग मोठा अजब होता. कर्ज फिटेपर्यंत माणूस आत, आणि आत असलेला माणूस कमावणार काय? बाहेर असलेल्या बायकोने काहीतरी करावे तेव्हा सुटका.

बायकोजवळ होते काय, तर चित्रकलेचा हात. त्या काळच्या चांगल्या घरच्या मुलींना थोडेफार चित्र काढायला शिकवीत, जसे आपल्याकडे भरतकाम आणि रांगोळी. पण याच्यावर कोणी घर चालविले नव्हते. तिच्या कानावर आले की औषधी वनस्पतींचा नवा, चांगल्या चित्रांचा ग्रंथ वैद्य मंडळींना हवा आहे. मग तिने काही झाडांची चित्रे नमुन्यादाखल काढली आणि ती घेऊन ती थेट सर हान्स स्लोन यांच्याकडे गेली. हे स्लोन म्हणजे त्या वेळचे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. पुढे यांच्याच संग्रहातून ब्रिटिश म्यूझियम उभे राहिले. दुसरे डॉक्टर रिचर्ड मीड, हे राजवैद्य. दोघांनाही चित्रे पसंत पडली. तिसरा माणूस फार मोठा नव्हता, पण मला वाटते तिच्या खऱ्या उपयोगाचा तोच ठरला. त्यांचे नाव आयझॅक रँड. चेल्सी येथील औषधी बागेची देखरेख त्यांच्याकडे होती.

ही बाग औषधविक्यांच्या संघाने १६७३ साली थेम्स नदीच्या काठी लावली, ती अजून आहे आणि १९८३ पासून सर्वसामान्यांना पाहता येते. उमेदवार मुलांना झाडे ओळखायला शिकवावीत हा तिचा उद्देश. स्लोन यांनी १७२२ साली ती जमीन संघाला वर्षाला पाच पौंड भाड्याने कायमची देऊन टाकली, आणि अट कसली घातली तर दरवर्षी पन्नास निरनिराळ्या झाडांचे वाळवलेले नमुने रॉयल सोसायटीकडे पाठवायचे, दोन हजार पुरे होईपर्यंत. मला ही अट फार आवडली. भाडे नाममात्र आणि अभ्यास सक्तीचा! या बागेसमोरच, स्वॉन वॉक नावाच्या गल्लीत, एलिझाबेथबाईंनी बिऱ्हाड केले. रँड यांनी दाखविलेले झाड पाहायचे, ताजी फांदी समोर ठेवून चित्र काढायचे, आणि घरी जाऊन ते तांब्यावर चढवायचे.

हे तांब्यावर चढविणे म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय त्या बाईचे कष्ट कळणार नाहीत. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. त्यावर मेण आणि राळ यांचा पातळ लेप देऊन तो काजळीने काळा करायचा. मग सुईने त्या लेपावर चित्राच्या रेषा ओढायच्या, म्हणजे तेवढ्या रेषेपुरते तांबे उघडे पडते. वरून तेजाब ओतले की ते उघडे तांबे खाल्ले जाऊन रेषेची बारीक चर पडते. कुठे छाया दाट हवी असेल तर पोलादी टोच्याने ती चर हाताने आणखी खोल करायची. लेप धुऊन काढला की पत्र्यात शाई चोळायची, वरची शाई पुसून घ्यायची म्हणजे चरीतली तेवढी राहते, आणि ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून तो दाबून काढायचा. चित्र कागदावर उमटते ते उलटे. म्हणून तांब्यावर आधीच सगळे उलटे काढावे लागते. उजवीकडची फांदी डावीकडे, आणि अक्षरे तर आरशात दिसावीत तशी.

अक्षरे म्हणण्याचे कारण, या पुस्तकातला मजकूरसुद्धा खिळे जुळवून छापलेला नाही, तोही तांब्यावरच कोरलेला आहे. आपल्याकडे मिरजेस १८०५ साली गीता अशीच तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली होती. नागरी अक्षर उलटे कोरणाऱ्या त्या तांबटाच्या हाताचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. रांगोळीत कमळ काढताना समोर बसलेल्या बाईला ते सरळ दिसावे म्हणून कधी तुम्ही उलट्या बाजूने काढून पाहिले आहे का? पाहा एकदा. मग पाचशेची कल्पना करा.

एरवी या कामाला तीन माणसे लागत. चित्र काढणारा वेगळा, कोरणारा कारागीर वेगळा आणि रंग भरणारा वेगळा. तिघांना तीन मजुऱ्या. एलिझाबेथबाईंजवळ मजुरी द्यायला पैसे नव्हते, म्हणून तिन्ही कामे तिने अंगावर घेतली. प्रत्येक चित्राखाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचे नाव असते आणि पुढे तीन लॅटिन क्रियापदे आखडून लिहिलेली असतात. त्यांचा अर्थ: हिने काढले, हिने कोरले, हिने रंगविले. पहिली काही चित्रे पाहताना मी त्याकडे लक्ष दिले नाही. शंभराव्या पानाच्या सुमारास माझी नजर आधी त्या कोपऱ्याकडेच जाऊ लागली.

पुस्तक विकण्याची तऱ्हाही व्यवहारी होती. सगळे पुस्तक एकदम छापायला भांडवल कोठून आणणार? म्हणून दर आठवड्याला चार चित्रे आणि त्यांच्या माहितीचे एक पान असा एक अंक निघे. गिऱ्हाईक अंक घेत जाई आणि शेवटी बांधून घेई. बिनरंगी अंक स्वस्त, रंगविलेला महाग. आलेल्या पैशांतून पुढच्या अंकाचे तांबे आणि कागद. आपल्या भिशीवर ज्यांनी संसाराची भांडी जमविली त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. पण भिशीत एखादा महिना पुढेमागे होतो, इथे तसे चालत नव्हते. असे एकशे पंचवीस आठवडे. मूल आजारी पडले, स्वतःला ताप आला, बागेतले झाड फुलायचे राहिले, तरी चार चित्रे निघालीच पाहिजेत. पहिल्या भागाच्या आरंभी नामांकित वैद्यांचे १७३७ सालचे प्रशस्तिपत्र छापलेले आहे. चांगले काम चांगल्या माणसांनी चांगले म्हटले की खप वाढतो, हे तिला ठाऊक होते.

मजकूर मात्र तिचा म्हणता येत नाही. जोसेफ मिलर नावाच्या गृहस्थांचे १७२२ सालचे औषधी वनस्पतींवरचे एक पुस्तक होते, त्यातून त्यांच्या संमतीने बहुतेक माहिती घेतलेली आहे, आणि तसे पुस्तकात सांगितलेही आहे. निरनिराळ्या भाषांतली नावे अलेक्झांडरने जमवून दिली. ती चित्रे घेऊन तुरुंगात जाई आणि तो कोठडीत बसून नावे लिहून देई, अशी हकिकत परंपरेने सांगतात. खरे असेल तर चित्र मोठे हृद्य आहे.

आता थोडे पुस्तकाच्या आत डोकावू या. पहिलेच चित्र डॅन्डेलियनचे. हे इंग्रजांचे परसातले तण, आपल्या पाथरीच्या कुळातले, तसेच पिवळे फूल आणि तसेच कापसासारखे उडणारे बी. दुर्मिळ, दिमाखदार फूल पहिल्या पानावर न घालता तिने पायदळी तुडविले जाणारे तण घातले, याचे कारण ते औषधी होते आणि सर्वांच्या ओळखीचे होते. चित्रात पान, फूल, मूळ आणि म्हातारी होऊन उडायला निघालेले बी, सगळे वेगवेगळे करून दाखविले आहे. पुढे एके ठिकाणी 'लव्ह ॲपल' म्हणून एक झाड येते. चित्र पाहताच मला हसू आले. तो आपला टोमॅटो! इटलीतले लोक हे फळ तेल आणि व्हिनेगर घालून खातात, अशी माहिती खाली दिलेली आहे, जणू काही दूरदेशीचा विचित्र आचार सांगावा तशी. त्या वेळी इंग्लंडमध्ये टोमॅटो बागेत शोभेला लावीत. मिरी, लवंग, जायफळ, चहा, कोको हीही सारी या पुस्तकात आहेत, कारण ती सारी तेव्हा औषधविक्याच्या दुकानात मिळत. आपल्या मसाल्याचा डबा म्हणजे त्यांचे औषधाचे कपाट.

मी शिक्षिका आहे, तेव्हा गुणपत्रक लिहिल्याशिवाय राहवत नाही. या चित्रांना पैकीच्या पैकी गुण मी देणार नाही. त्याच काळात एऱ्हेट नावाचा जर्मन चित्रकार होता, त्याच्या हातात जी नजाकत होती ती हिच्यात नाही. तिची काही झाडे कागदावर दाबून ठेवल्यासारखी चपटी दिसतात. पूर्वेकडच्या झाडांत तर हे फार जाणवते, कारण ती झाडे बागेत नव्हती. वाळलेल्या नमुन्यांवरून किंवा दुसऱ्यांच्या चित्रांवरून ती काढावी लागली, आणि वाळलेली मिरीची वेल पाहून कोकणातल्या पोफळीवर चढलेली वेल कशी कळावी? पण जी झाडे तिने बागेत डोळ्यांनी पाहिली ती खणखणीत आहेत. देठाला पान कसे बसते, बोंडाचे झाकण कसे उघडते, हे कुठे चुकलेले नाही. मुलींना ओळखायला शिकवायचे असते तर मी एऱ्हेटपेक्षा हिचेच पान फळ्यावर लावले असते.

हिच्या आधीच्या पिढीत आणखी एक बाई होऊन गेली, तिचा उल्लेख टाळता येत नाही. मारिया सिबिला मेरियन, जन्म १६४७, फ्रँकफुर्ट. ही नवऱ्यापासून वेगळी झाली, स्वतःची चित्रे विकून तिने पैसा उभा केला आणि १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. किडे आणि त्यांची झाडे पाहायला! दोन वर्षांनी आजारी होऊन परतली आणि १७०५ साली ॲम्स्टरडॅममध्ये तिने साठ चित्रांचा जो ग्रंथ काढला तो आजही लोक पाहत बसतात. त्यात एक चित्र आपल्या शंकासुराचे आहे. हो, तोच लाल-पिवळा शंकासुर, जो आपल्याकडे शाळेच्या आणि कचेरीच्या आवारात कुंपणाला असतो. त्या चित्राखाली मेरियनने लिहिले आहे ते मी प्रथम वाचले तेव्हा पुढचे पान उलटायला वेळ लागला. तिथल्या डच मळ्यांवर गुलाम म्हणून राबणाऱ्या बायका या झाडाचे बी खाऊन गर्भ पाडीत. आपले मूल आपल्यासारखे गुलाम होऊ नये म्हणून. हे तिला त्या बायकांनी स्वतः सांगितले. शंकासुराची रोपे आणि बी युरोपात पोचले, बागांतून वाढले, पण बायकांना ठाऊक असलेला हा उपयोग तिथल्या औषधाच्या ग्रंथांत काही शिरला नाही. लिहिणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांनी विचारलेही नसेल, आणि विचारले असते तर त्यांना कोण सांगणार होते!

पुन्हा एलिझाबेथबाईंकडे येते. पुस्तकाचा खप चांगला झाला, कर्ज फिटले, नवरा सुटला. इंग्रजी पुस्तकांत ही गोष्ट सांगताना इथे हमखास एक परिच्छेद असतो, पतिपरायण स्त्रीचा, आणि वाचताना आपल्याला सावित्रीची आठवण व्हावी अशा बेताने तो लिहिलेला असतो. नवऱ्यासाठी तिने केले यात शंका नाही. परंतु त्या परिच्छेदात न येणारी एक गोष्ट मला सांगायची आहे, ती न्यायालयातली.

पुस्तक चालते आहे असे दिसताच दुसऱ्यांनी तिची चित्रे उतरवून छापायला सुरुवात केली. आता १७३५ साली इंग्लंडात एक कायदा झाला होता. होगार्थ नावाच्या प्रसिद्ध चित्रकाराने खटपट करून तो करवून घेतला होता, म्हणून त्याला त्याचेच नाव पडले आहे. कोरलेल्या चित्रावर चौदा वर्षे कोरणाऱ्याचा हक्क राहील, दुसऱ्याने नक्कल करू नये, असा तो कायदा. ब्लॅकवेल विरुद्ध हार्पर हा खटला १७४० साली लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांच्यापुढे चालला. नक्कल करणाऱ्यांची तक्रार अशी की एकतर चित्रावर प्रसिद्धीची तारीख कोरलेली नाही, तेव्हा कायदा लागूच नाही. आणि दुसरे असे की झाड काही हिने कल्पनेने निर्माण केलेले नाही, ते सृष्टीतच आहे, मग त्याच्या चित्रावर हिचा हक्क कसला? हा दुसरा मुद्दा ऐकायला सोपा वाटतो, पण तो मान्य झाला असता तर निसर्गाची चित्रे काढणाऱ्या कोणालाच आपल्या श्रमावर हक्क सांगता आला नसता. हार्डविक यांनी दोन्ही मुद्दे मानले नाहीत. तारखेअभावी हक्क बुडत नाही, आणि झाडाचे चित्रही या कायद्याखाली येते, असा त्यांचा निवाडा. चित्रकारांच्या हक्कांवरील कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आजही सापडतो.

इथे एक विसंगती पाहण्यासारखी आहे. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची. तिने कोरलेल्या तांब्यावर तिचा हक्क शाबीत झाला, पण त्या तांब्याने मिळविलेले पैसे त्याचे. तसेच झालेही. पुढे पुस्तकाच्या हक्काचा काही भाग विकावा लागला, आणि गृहस्थ पुन्हा नव्या उद्योगांच्या मागे लागले. शेती सुधारण्याचे त्याला वेड लागले, त्यावर त्याने पुस्तक लिहिले, आणि १७४२ साली तो स्वीडनला गेला, एकटाच. तिथे तो चक्क राजाचा वैद्य झाला. पण तिथेही त्याला गप्प बसवले नाही. गादीच्या वारसाविषयीच्या एका कारस्थानात तो अडकला आणि १७४७ साली स्टॉकहोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. वधस्तंभावर त्याने डोके चुकीच्या बाजूने ठेवले, आणि कोणी सांगितले तेव्हा "माझी ही पहिलीच वेळ आहे" अशा अर्थाचे काही बोलला, असे म्हणतात. माणूस वाईट नसावा. पण ज्याच्याकरिता बायको एकशे पंचवीस आठवडे तेजाबाच्या वाफेत बसली, त्याला घरी राहणे काही जमले नाही.

यानंतर तिच्या हातून दुसरे पुस्तक झाले नाही. ती १७५८ साली वारली आणि चेल्सीतच, बागेपासून चार पावलांवर असलेल्या चर्चमध्ये, तिला पुरले. पुस्तक मात्र तिच्याविना पुढे चालत राहिले. जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे डॉक्टर ट्र्यू नावाचे एक हौशी वैद्य होते. त्यांनी तिची सगळी चित्रे आयझनबर्गर नावाच्या कारागिराकडून नव्याने कोरवून घेतली, जिथे चुका होत्या तिथे सुधारल्या, शंभर चित्रांची भर घातली, आणि लॅटिन व जर्मन मजकूर देऊन सहाशे चित्रांची थोरली आवृत्ती काढली. ती १७७३ साली पुरी झाली. तिच्यात छपाई अधिक चांगली आहे, रंगही अधिक खुललेले आहेत. पण ट्र्यूसाहेबांनी एक केले. ग्रंथाला आपले नाव न देता त्याचे नाव 'हर्बेरियम ब्लॅकवेलियानम' असे ठेवले, म्हणजे ब्लॅकवेलबाईंचा वनस्पतिसंग्रह. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका वनस्पतीच्या जातीलाही ब्लॅकवेलिया हे नाव मिळाले होते, पण पुढे ती जात होमॅलियम या दुसऱ्या जातीत मिसळली गेली आणि नाव मागे पडले. वनस्पतिशास्त्रात असे नेहमी होते, कोणाचा दोष नसतो.

त्या चित्राखालच्या कोपऱ्यातल्या नावामुळे मला आपल्या इकडच्या दोन ग्रंथांची आठवण झाली. पहिला 'हॉर्टस मलबारिकस'. मलबारच्या झाडांचा बारा भागांचा हा ग्रंथ डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने करविला आणि तो १६७८ ते १६९३ या वर्षांत ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याला झाडे सांगणाऱ्या मंडळींत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि आपल्या कोकणी बोलणारे तीन ब्राह्मण वैद्यही होते: रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट. या तिघांचे पत्र ग्रंथाच्या पहिल्या भागात नागरी अक्षरांत, सह्यांसकट, तांब्यावर कोरून छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या नागरी मजकुरांत त्याची गणना होते. हे मला संगणकावर दिसले तेव्हा घरात दुसरे कोणी नव्हते, नाही तर हाक मारून दाखविले असते. दुसरा ग्रंथ रॉक्सबर्गचा, कोरोमंडल किनाऱ्यावरील झाडांचा, १७९५ पासून लंडनला निघत गेलेला. त्यातली तीनशे चित्रे हिंदी चितारींनी काढलेली. चित्रे अप्रतिम आहेत, माझ्या मते ब्लॅकवेलबाईंच्या कितीतरी वरची. पण खाली कोपऱ्यात चितारीचे नाव नाही. एकाच्याही नाही.

जाता जाता आपल्यातल्या वडीलधाऱ्या सभासदांसाठी एक. मेरी डेलनी नावाच्या इंग्रज विधवेने वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगीत कागद कात्रीने कापून, काळ्या कागदावर चिकटवून फुले करायला सुरुवात केली. पाकळी न् पाकळी, केसर न् केसर मोजून. दृष्टी मंद होऊन १७८२ साली हात थांबला तोवर हजाराला थोडी कमी अशी फुले झाली होती. ती आज ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत आणि वनस्पतिशास्त्रज्ञही त्यांत खोड काढीत नाहीत.

वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात रुखवताच्या टेबलाशेजारची भिंत मी मागून घेतली आहे. तिथे ब्लॅकवेलबाईंची चार पाने मोठी छापून लावणार आहे: डॅन्डेलियन, टोमॅटो, मिरी आणि चहा. त्यांच्याजवळ मेरियनबाईंचा शंकासुर. खालचा कोपरा कापला जाणार नाही अशी चौकट करून द्यायला सुताराला सांगितले आहे. एक भिंग दोरीने बांधून ठेवीन. ते कृपा करून घरी नेऊ नये.